काका, तो ठोकळा द्या तिला

"मुलांना कशात तरी गुंतवून ठेवायचं असतं गं," असं सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या माणसाने सांगावं आणि आपण त्याच्या पायांखालची फरशी पुसत "हो ना काका" म्हणावं! परवाचीच गोष्ट आहे, म्हणून अजून डोक्यातून जात नाहीये.

घरात एक चार वर्षांची, एक दोन वर्षांचा, पलंगावर घड्यांची वाट बघणारा कपड्यांचा ढीग आणि "सहज" आलेले नवऱ्याचे काका. बास, एवढं पुरे.

मुलं गुंतलेली होती, हे आधी नोंदवून ठेवते. मुलगी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती, धाकटा पाडत होता, दोघंही खूश होती. तेवढ्यात काका म्हणाले, "तू आवर तुझं. मी खेळवतो यांना." आणि चक्क खाली उतरले.

मी आत गेले. जरा वेळ शांतता. मग आवाज आला, "असा नसतो पाया! मोठे ठोकळे खाली. इकडे दे."

"पण हा राजवाडा आहे."

"असेना का! पडेल तो."

"पडायलाच पाहिजे. तो पाडतो ना," तिने भावाकडे बोट दाखवलं.

बिनतोड युक्तिवाद. पण काकांचा जन्म दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे मारण्यात गेलेला. त्यांनी लाल ठोकळा ताब्यात घेतला, "शेवटी शेंड्यावर लावू" म्हणाले आणि स्वतःच रचायला बसले. धाकट्याने आपलं काम चोख बजावलं. काका किंचाळले, "अरे! माझा मनोरा!"

माझा!

मुलगी ठोकळ्यासाठी रडायला लागली. ताई रडते म्हणून धाकटा. मी अर्धी घडी घातलेली चादर घेऊन बाहेर आले, तर काका पुन्हा सोफ्यावर, गाल फुगवून.

"हिला जरा शेअर करायला शिकवा," ते म्हणाले. लाल ठोकळा त्यांच्याच मुठीत होता.

"काका, तो ठोकळा द्या तिला."

"आधी तिला नीट मागायला सांग."

शेवटी मी त्यांच्या हातात रिमोट दिला, तेव्हा मूठ सुटली. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगून ठेवलंय. निवृत्त काकांना किती, ते तिथे दिलेलं नाही.

मुलांना प्ले-डो काढून दिला. हा मुळात भिंतीच्या वॉलपेपरवरची काजळी पुसायला निघालेला लगदा. 1956 पासून खेळणं म्हणून विकला जाऊ लागला. आमच्याकडे तो इमाने इतबारे भिंतीवरच परत जातो, फक्त भिंत काही स्वच्छ होत नाही. तो खरवडून झाल्यावर मी मारिया माँटेसरींना शरण गेले. 1907 साली रोममध्ये त्यांनी पहिलं बालगृह काढलं, आणि मुलांना खोट्या खेळण्यांपेक्षा खरी कामं जास्त आवडतात, हे त्यांच्या लक्षात आलं. अगदी खरं आहे. धाकट्याला मोज्यांच्या जोड्या लावायला दिल्या आणि तो तल्लीन झाला. इतका, की मी घडी घातलेले कपडेही त्याने उलगडून परत ढिगात टाकले. मूल रमलं, काम वाढलं. मोबाईलवर "मुलांना गुंतवण्याच्या सोप्या युक्त्या" टाकणाऱ्या बायका हा भाग दाखवत नाहीत. त्यांच्या युक्तीची मांडामांड आणि नंतरची साफसफाई यातच दुपार जाते. मूल खेळतं मधली चार मिनिटं.

आणि हे सगळं बाईलाच का ऐकवायचं? नवऱ्याने केरसुणी नुसती हातात धरली तरी "किती करतो गं!" त्याला कुणी म्हणत नाही, की मुलांना गुंतवून ठेव.

संध्याकाळी काकांनी त्याला फोन केला. "पोरं छान रमली हो माझ्याजवळ. सूनबाईलाही जरा मोकळा वेळ मिळाला."

फोन ठेवून नवऱ्याने पलंगाकडे पाहिलं. "मग घड्या कशा राहिल्या?"