घरचं जेवणाऱ्या तरुणांना अल्सर होत नाही? कोण म्हणतं!

"तरुण आहात, घरचं जेवता, दारू-सिगारेट नाही, मग अल्सर होऊच शकत नाही. तिखट आणि टेन्शन सोडा, उपाशीपोटी थंड दूध प्या, सात दिवसांत बरे व्हाल. अँटिबायोटिक कशाला?" हा मेसेज वाचून भाचीने चौथ्या दिवशी गोळ्या बंद केल्या, म्हणून हे लिहितोय.

तिखटाचं आधी उरकतो. ठेच्याने जळजळ होते, असलेला अल्सर म्हणजे पोटातली जखम झोंबते; पण ठेच्याने अल्सर पडत नाही.

मुख्य कारणं दोन. पहिलं, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा कुणी मानेना. १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ही लागण बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात होते. आज तुम्ही कितीही सात्त्विक जेवा, जंतू आधीच मुक्कामाला असतो. लागण झालेल्या बहुतेकांना अल्सर होत नाही, हे खरं. तरुणांची बरीचशी जळजळ साधी ॲसिडिटी असते, हेही खरं. पण "होऊच शकत नाही"?

दुसरं कारण जिमवाल्यांनी नीट वाचावं: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. जठराचं अस्तर सांभाळणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं त्या शरीरभर कमी करतात. म्हणून जेवून घेतली काय, इंजेक्शन घेतलं काय, धोका राहतोच.

आता दूध. घटकाभर बरं वाटतं, मग त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं आणखी आम्ल सुटायला लावतात. जंतू मात्र जागचा हलत नाही. त्यासाठी ॲसिड कमी करणारी गोळी आणि सोबत अँटिबायोटिक, बहुधा पूर्ण १४ दिवस. मध्येच सोडलं की उरलेले जंतू निर्ढावतात आणि पुढच्या वेळी तेच औषध चालत नाही. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करायची. ॲसिड कमी करणारी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी तपासणीआधी दोन आठवडे डॉक्टरांना विचारून बंद हवी, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

टेन्शनचं म्हणाल तर आयसीयूतल्या, मोठ्या भाजलेल्या रुग्णांना शरीरावरच्या ताणाने अल्सर होतो. ऑफिसचं टेन्शन म्हणजे ते नव्हे.

अल्सरमधून रक्त गेलं की शौच काळं होतं; लोहाच्या गोळ्यांनीही होतं. पण डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं काळं शौच किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर दूध शोधू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.