भास म्हणजे वेड नव्हे
तुमच्या भासांवरच्या लेखात भास होणं म्हणजे स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजारच असं धरून चाललंय, ते पटलं नाही. माझ्या वडिलांना लुई बॉडी डिमेन्शिया (विचारशक्ती हळूहळू कमी करणारा मेंदूचा आजार) होता, रोज संध्याकाळी त्यांना खुर्चीत दोन लहान मुलं दिसायची, आवाज नाही काही नाही, नुसती गप्प बसलेली, आणि बाबा उशी सरकवून त्यांना जागा करून द्यायचे. या आजारात मेंदूच्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रोटीन साठत जातं. पार्किन्सन, हंटिंग्टन या मेंदूच्या आजारांमध्येही भास होऊ शकतात, २२व्या क्रोमोसोमचा छोटा तुकडा ज्यांच्यात जन्मतः नसतो त्यांना तर सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा, धोका बराच जास्त. म्हणून भास होणाऱ्या माणसाला प्लीज न्यूरोलॉजिस्टलाही दाखवा, कारण लुई बॉडीत भासांवर देतात त्या हॅलोपेरिडॉलसारख्या गोळ्यांनी माणूस एकदम आखडू शकतो, आमच्याकडे तेच झालं, आठवडाभर बाबांना चमचा धरता येईना.