पुडिंगला आठ तास कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

ख्रिसमस पुडिंग, म्हणजे नाताळात खायचा सुक्या मेव्याचा वाफवलेला इंग्रजी गोड पदार्थ, आधी आठ तास वाफवायचा, महिनाभर मुरवायचा आणि वाढण्याआधी परत दोन तास वाफवायचा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: पीठ, अंडी आणि बेदाणे शिजायला आठ तास लागूच शकत नाहीत, कुकरच्या सात-आठ शिट्ट्यांत काम होतं. शिजलेलं पुडिंग महिनाभर ठेवून परत दोन तास वाफवणं म्हणजे शिळ्यासाठी गॅस जाळणं. त्यापेक्षा मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटं पुरे. आणि शेवटी, "इंग्रज करतात म्हणून आपण डोळे झाकून करायचं का?"

नुसत्या शिजण्याबद्दल म्हणाल तर तुमचं म्हणणं मला मान्य आहे. दोन-अडीच तासांत पुडिंग शिजतं, सुरी खुपसली तर स्वच्छ बाहेर येते. पण तेव्हा ते कापून बघा. रंग फिका तपकिरी असतो, साखर वेगळी लागते, जायफळ वेगळं, बेदाणा वेगळा. चार-पाच तासांनंतर रंग गडद व्हायला लागतो आणि आठ तासांनी पुडिंग जवळजवळ काळं दिसतं. तो रंग बाहेरून घातलेला नसतो. बेदाण्यांतली साखर आणि अंड्या-पिठातली प्रथिनं यांच्यात उष्णतेने जी अभिक्रिया होते, तिचा तो रंग, चवही तिचीच. मेलार्ड या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. पाव भाजताना वरचं कवच कोरडं होऊन १४० अंशांच्या वर तापतं, म्हणून तिथे ही अभिक्रिया मिनिटांत होते. साध्या, बिनदाबाच्या पातेल्यातली वाफ १०० अंशांवरच थांबते, त्यामुळे तेच काम व्हायला तास लागतात. पहिली वाफ ही नुसती शिजवण्यासाठी नाहीच. पुडिंग खऱ्या अर्थाने तिच्यात घडतं, आणि तिथे काटछाट केली तर हाती येतो तो बेदाण्यांचा वाफवलेला केक. तोही वाईट लागत नाही, पण ख्रिसमस पुडिंग म्हणून मी तो कुणाच्या पानात वाढणार नाही.

आता कुकर. इथे इंग्लंडातही पुष्कळ घरांत पुडिंग प्रेशर कुकरमध्ये होतं, त्यामुळे तुमच्या सूचनेला माझा विरोध नाही. विरोध आहे तो शिट्ट्या मोजण्याला. सात-आठ शिट्ट्या म्हणजे मोठ्या आचेवर वीस-पंचवीस मिनिटं; तेवढ्यात कडा शिजतात आणि मध्यभाग चिकट राहतो. शिवाय सुरुवातीपासून दाब दिला तर पुडिंग फुगत नाही. मूळ कृतीत स्यूएट असतं, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी (इथे पाम तेलाचं शाकाहारी स्यूएटही दुकानात मिळतं). ते लोण्यापेक्षा सावकाश वितळतं, आणि आळत चाललेल्या मिश्रणात आपल्यामागे बारीक बारीक पोकळ्या ठेवून जातं. म्हणून इतका सुका मेवा असूनही पुडिंग गच्च होत नाही. तर कुकरमध्ये आधी शिट्टी न लावता पंधरा-वीस मिनिटं नुसती वाफ जाऊ द्या. मग शिट्टी लावा, पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करा आणि पुढे घड्याळ बघा. एक लिटरच्या भांड्याला साधारण दोन ते अडीच तास. आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं, त्यामुळे रंग लवकर धरतो.

पण पाण्याकडे लक्ष हवं. आपल्या शिट्टीच्या कुकरमधून वाफ सारखी बाहेर पडते. पाच लिटरपेक्षा लहान कुकर घेऊ नका, तळाला जाळी ठेवून निदान दीड लिटर पाणी घाला, आणि अर्ध्या वेळेला गॅस बंद करून दाब आपोआप उतरू द्या. पाणी बघून लागेल तसं उकळतं पाणी वाढवा. शिट्टी उचलून वाफ एकदम सोडू नका. दाब झटकन उतरला की पुडिंग फुटतं आणि कागदाखाली पाणी शिरतं. लेखात मी पातेल्याचीच रीत दिली, कारण त्यात कधीही झाकण उघडून पाणी बघता येतं. इडलीपात्रात टाकतो तसं एखादं नाणं पातेल्याच्या तळाशी टाकलं तर तेही लागत नाही. ते खडखडायचं थांबलं की पाणी आटलं समजायचं.

पातेलं असो वा कुकर, भांड्यावर बटर पेपर आणि फॉइल बांधताना मध्ये एक चुणी घाला. पुडिंग फुगतं, त्याला जागा लागते. ताणून बांधलेला कागद फाटतो आणि वरचा थर पाणचट होतो.

शिळं हा शब्द मात्र मला पटला नाही. इथे पुडिंग करायचा पारंपरिक दिवस म्हणजे ॲडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) आधीचा रविवार, तो २० ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान येतो. तिथून नाताळापर्यंतचा महिना मुरण्याचा. भरपूर साखर, सुका मेवा आणि ब्रँडी यांमुळे जंतूंना वाढायला पाणीच उरत नाही. आपला मोरावळा टिकतो तो याच कारणाने. अट एकच: पहिल्या वाफेनंतर ओला कागद काढून टाकायचा, भांडं कोरडं पुसायचं आणि नवा कागद बांधायचा. बुरशी येते ती बहुतेक वेळा त्या ओल्या कागदामुळे. मुंबईच्या दमट हवेत मात्र बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्येच ठेवा.

दुसरी वाफ फक्त गरम करण्यासाठी असते, आणि इथे वेळ वाचवायला भरपूर वाव आहे. आतली चरबी थिजलेली असते. ती पुरती वितळली नाही तर टाळूला मेणचट थर बसतो. मध्यभाग ७५ अंशांच्या वर गेला की झालं. पातेल्यात त्याला दीड-दोन तास लागतात, कुकरमध्ये अर्धा तास.

मायक्रोवेव्हमध्ये अख्खं घरचं पुडिंग पाच मिनिटं ठेवू नका, हे मी कळकळीने सांगते. साखर, चरबी आणि दारू तिन्ही भरपूर असलेला हा पदार्थ जागोजागी भराभर तापतो. बेदाणे करपतात, जास्त वेळ राहिलं तर पेटही घेऊ शकतं, आणि मध्यभाग तोवर गारच असतो. विकतच्या लहान पुडिंगच्या खोक्यावर मायक्रोवेव्हची वेळ छापलेली असते, पण ती त्या वजनापुरती. कापलेली एक फोड असेल तर खुशाल, मध्यम पॉवरवर अर्धा-पाऊण मिनिट. फॉइल आधी काढा, आणि आत नाणं लपवायची जुनी रीत पाळली असेल तर तेही शोधून काढा.

इंग्रजांचं म्हणाल तर त्यांनीही डोळे झाकून काही केलेलं नाही. आधी पुडिंग पीठ लावलेल्या फडक्यात बांधून थेट पाण्यात उकडत, म्हणून जुन्या चित्रांत ते चेंडूसारखं गोल दिसतं. नंतर भांडं आलं, कुकर आला, आता कितीतरी जण रात्रभर स्लो कुकर (मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं) लावून झोपतात. १९२७ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या आचाऱ्याच्या नावाने ब्रिटिश साम्राज्याच्या पुडिंगची कृती प्रसिद्ध झाली, तिच्यात बेदाणे ऑस्ट्रेलियाचे, रम जमैकाची आणि पुडिंगचा मसाला हिंदुस्थानचा होता. तेव्हा हा पदार्थ आपल्याला अगदीच परका नाही.

स्यूएट मिळत नसेल तर फ्रीजरमध्ये कडक केलेलं लोणी किसून घ्या आणि किसल्या किसल्या लगेच मिश्रणात घाला. कुकरमध्ये केलंत तर फोडीचा रंग मध्यापर्यंत सारखा आला का, तेवढं जरूर कळवा.