शिंका दह्याने नाही, गादीने येतात

दर पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज उगवतो. शिंकताना हृदय क्षणभर बंद पडतं. शिंक ताशी 160 किलोमीटर वेगाने सुटते. डोळे उघडे राहिले तर बुबुळं बाहेर येतील. सकाळच्या शिंका म्हणजे पोटात साठलेला कफ, दही-केळी ताबडतोब बंद. आणि चारचौघांत शिंक आली तर नाक दाबून जिरवावी. खाली जोडलेले हात.

हृदय आधी घेऊ. शिंकेपूर्वी आपण खोल श्वास ओढतो, छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त क्षणभर कमी होतं आणि ठोक्यांची लय जराशी मागेपुढे होते. बंद काही पडत नाही.

वेगाचं म्हणाल तर 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत सर्वात जोरदार शिंक सेकंदाला साडेचार मीटर भरली, म्हणजे ताशी सोळा किलोमीटर. सायकलवालाही मागे टाकेल. बारीक तुषारांचा ढग मात्र सात-आठ मीटर जाऊ शकतो, आणि काळजी करायची तर त्याची. बुबुळांना पापण्या धरून ठेवत नाहीत, त्यामुळे तो मुद्दा तिथेच संपला.

माशी शिंकते ती दह्यापाशी. आमच्या मावशीला उठल्याबरोबर ओळीने सात-आठ शिंका यायच्या, नाक-डोळे खाजायचे, नऊ वाजेपर्यंत सगळं शांत. तिने तीन वर्षं दही सोडलं. फरक शून्य. दुधाची खरोखर अ‍ॅलर्जी असलेल्याची गोष्ट वेगळी, पण मावशीचा गुन्हेगार होता तिची जुनी कापसाची गादी. डस्ट माइट नावाचे, साध्या डोळ्यांना न दिसणारे जीव आपल्या त्वचेच्या झडलेल्या कोंड्यावर जगतात आणि दमट हवेत फोफावतात. त्यांची विष्ठा नाकात गेली की अ‍ॅलर्जी असलेल्याच्या शरीरात हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं, नाकातली मज्जातंतूची टोकं चेतवली जातात आणि मेंदूच्या तळातून हुकूम सुटतो: शिंक! गादी बदलली, उशीला घट्ट विणीची खोळ घातली, अभ्रे-चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुवायला लागली. आता वाटीभर दही खाते.

बाहेर गाजर गवताचे परागकण हेच काम करतात. मिरचीच्या फोडणीने येते ती शिंक अ‍ॅलर्जीची नव्हे, ती सरळ तिखटाची आग. सर्दीच्या शिंकांबरोबर घसा धरतो, कधी कणकण येते, आणि आठ-दहा दिवसांत प्रकरण आटोपतं; महिनोन्‌महिने चालणारी, खाज सुटणारी 'सर्दी' बहुधा सर्दी नसते. काहींना तर नुसतं उन्हात पाऊल टाकलं की शिंक येते. हे आनुवंशिक असतं. आईला असेल तर लेकाकडे बघा.

नाक दाबायचा सल्ला मात्र हसून सोडण्यासारखा नाही. इंग्लंडात लेस्टरमध्ये 34 वर्षांच्या एका माणसाने नाक-तोंड दाबून शिंक रोखली आणि त्याचा घसा आतून फाटला. मान सुजली, आवाज गेला, कितीतरी दिवस नळीने अन्न द्यावं लागलं. 2018 मध्ये डॉक्टरांनी ही केस छापली. असं क्वचितच होतं, कबूल. पण रुमाल नसला तर कोपर आहेच की.