सर्वाधिक संपर्क

प्लॅनमधली मिनिटं महिना संपायच्या आत संपतात, याबद्दल आमच्या घरात कुणाचं दुमत नाही. दुमत आहे ते ती संपवतं कोण, यावर. चार फोन, एक फॅमिली प्लॅन, बोलायच्या मिनिटांचा एकच सामायिक साठा; आणि चौघांपैकी प्रत्येकाचं ठाम मत असं की आपण कामापुरतंच बोलतो, उधळपट्टी उरलेले तिघं करतात. अशा घरात कुणाला तरी हिशेबनीस व्हावंच लागतं. मी झालो. मला कुणी नेमलं नव्हतं, हे बायको अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

मिनिटं मोजणाऱ्या अ‍ॅपांचा तुटवडा नाही. मी निवडलेलं अ‍ॅप डाउनलोड व्हायला क्षणभर लागला आणि त्याच्या परवानग्या मागून व्हायला बराच वेळ. कॉल लॉग, म्हणजे आलेल्या-केलेल्या कॉलची यादी, वाचू का? संपर्क यादी पाहू का? सूचना पाठवू का? 2018 मध्ये गूगलने प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपांसाठी कॉल लॉगचे नियम आवळले, तेव्हापासून अशा अ‍ॅपांना आपल्याला हा लॉग कशासाठी हवा ते आधी गूगलला पटवून द्यावं लागतं. घरच्यांना पटवण्याची जबाबदारी मात्र गूगलने माझ्यावरच सोडली आहे.

परवानग्या मिळताच अ‍ॅपने माझी तोंडी परीक्षा घेतली. बिलाचा महिना कितव्या तारखेला सुरू होतो? रात्रीची मिनिटं वेगळी मोजायची का? शनिवार-रविवार फुकट आहेत का? इनकमिंग धरायचं की नाही? (काही देशांत फोन घेणाऱ्याचीही मिनिटं कापली जातात. आमच्या प्लॅनमध्ये इनकमिंग फुकट, एवढं एकच उत्तर मला पाठ होतं.) आणि शेवटी, तुम्ही 61 सेकंद बोललात तर ते एक मिनिट समजू की दोन?

या शेवटच्या प्रश्नाने माझी झोप उडवली. मिनिटावर आकारणी असली की 61व्या सेकंदाला अख्खं दुसरं मिनिट खर्ची पडतं. त्यातले 59 सेकंद आपण वापरलेले नसतात, पण ते परतही मिळत नाहीत. एवढे दिवस मी हे सेकंद बेफिकीरपणे टाकत आलो होतो. मग अ‍ॅपमध्ये एक सोय सापडली: प्रत्येक मिनिटाच्या 50व्या सेकंदाला फोन थरथरणार. मिनिटामिनिटाला बीप करण्याची सोय जुन्या फोनांतही असायची, आणि ती चालू ठेवणाऱ्या माणसांना आपण तेव्हा हसायचो.

थरथर सुरू झाली आणि माझं बोलणं बदललं. उरलेल्या 10 सेकंदांत विषय गुंडाळायचा, नाहीतर पुढच्या पूर्ण मिनिटाचा पुरेपूर वापर करायचा, असे दोनच मार्ग उरले. धाकट्या भावाने फोनवर विचारलं, "दादा, नोकरी सोडू का?" तेवढ्यात थरथर झाली आणि मी "सोड" म्हणालो. त्याने सोडली. आता त्याच्याकडे बोलायला भरपूर वेळ आहे, आणि तो बोलतो.

पण कुठल्याही अ‍ॅपला न दिसणारी उधळपट्टी वेगळीच आहे. "चल, ठेवते" असं म्हटल्यानंतर आपल्याकडे फोन ठेवत नाहीत. तोपर्यंत फक्त तब्येतीची चौकशी झालेली असते. खरा विषय "चल, ठेवते"च्या पुढे निघतो. मग "बरं, ऐक ना", मग "हो, एक राहिलंच", मग पुन्हा "चल, ठेवते". बायकोच्या एका कॉलमध्ये मी शेजारी बसून हे मोजायला लागलो. तिने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या खोलीत जाऊन अ‍ॅप उघडून बसलो.

या बाबतीत मला जुन्या काळाचा हेवा वाटतो. मार्टिन कूपर यांनी हातात धरायच्या मोबाइलवरून पहिला कॉल केला तो 3 एप्रिल 1973 रोजी. दुकानात विकायला येणाऱ्या पहिल्या अशा फोनला, मोटोरोलाच्या डायनाटॅकला, अमेरिकेत मान्यता मिळाली 1983 मध्ये. त्यावर बोलता यायचं साधारण अर्धा तास, आणि मग तो चार्ज करायला लागायचे सुमारे 10 तास. अ‍ॅप नाही, सूचना नाहीत, आलेख नाहीत. माणूस तिसऱ्यांदा "एक राहिलंच" म्हणेपर्यंत बॅटरी मान टाकायची. वाईटपणा बॅटरीकडे जायचा, नवऱ्याकडे नाही.

महिनाअखेरीला हिशेब जुळवायला बसलो, तर प्रत्येक आकडा वेगळा. अ‍ॅप एक सांगतं, फोनचा स्वतःचा कॉल लॉग दुसरं आणि कंपनीचं बिल तिसरंच. यात लबाडी कुणाचीच नाही, हे त्यातलं सर्वांत चीड आणणारं. बिल वरच्या मिनिटाला पूर्ण करून मोजतं, लॉग सेकंदाला सेकंद धरतो. परक्या नेटवर्कवरून केलेल्या रोमिंग कॉलची नोंद बिलात उशिरा येऊन पडते. अँड्रॉइडच्या मूळ कॉल लॉगमध्ये एका वेळी 500 नोंदी राहतात, त्यापुढे जुनी नोंद गुपचूप निघून जाते. आणि मुलगा तर निघून जायची वाटही पाहत नाही, स्वतःच पुसतो. काय पुसतो ते विचारायचं नसतं, हे मला त्याच्या आईने सांगितलं.

बायकोचा आयफोन. तिथे बाहेरच्या अ‍ॅपला कॉलची यादी वाचूच देत नाहीत, म्हणून मी सेटिंग्जमध्येच शिरलो. मोबाइल डेटाच्या पानावर कॉलचा वेळ दिलेला असतो: एक चालू कालावधीचा आणि एक आजवरचा. चालू कालावधीचा आकडा पाहून मला घाम फुटला. आमच्या अख्ख्या घराचा कित्येक महिन्यांचा साठा तिने एकटीने या महिन्यात संपवला होता. मी तो आकडा जेवताना सर्वांसमोर वाचून दाखवला. तिने शांतपणे फोन हातात घेतला आणि मुलीला दाखवला. मुलगी म्हणाली, "बाबा, हा आकडा आपोआप शून्यावर येत नाही. हातानं रीसेट करावा लागतो. आईनं फोन घेतल्यापासून कुणी केलाच नाहीये." म्हणजे तो चालू कालावधी फोन घेतला तेव्हापासून चालूच होता. त्या रात्री जेवणावर पुढे फारसं बोलणं झालं नाही. मिनिटं वाचली.

मुलगी दिवसभर कानाला फोन लावून असते, पण तिच्या नावावर मिनिटं जवळजवळ नाहीतच. तिचे सगळे कॉल व्हॉट्सअ‍ॅपवरून, म्हणजे इंटरनेटवरून. ते मिनिटांत धरतच नाहीत, डेटात जातात, आणि डेटाचा हिशेब हा पुन्हा वेगळाच खटला. अँड्रॉइडचं डेटा मोजणारं पान तर हात झटकून मोकळं होतं: ही मोजणी फोनची आहे, कंपनीची वेगळी असू शकते. 2018 पासून आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आहे, म्हणजे फोनचा वापर मोजून त्यावर मर्यादा घालायची सोय; त्याच वर्षी गूगलनेही तसंच डिजिटल वेलबीइंग आणलं. मुलाच्या फोनवर मी तशी मर्यादा लावून पाहिली. ती ओलांडली की मर्यादेकडे दुर्लक्ष करण्याचं बटण तिथेच हजर होतं. त्या विषयावर अधिक लिहिण्यासारखं नाही.

खरा धक्का दिला तो 'सर्वाधिक संपर्क' नावाच्या यादीने. महिन्याभरात आपण सर्वांत जास्त वेळ कुणाशी बोललो ते अ‍ॅप उतरत्या क्रमाने दाखवतं, आलेल्या आणि केलेल्या कॉलची बेरीज करून. मला वाटलं होतं पहिल्या नंबरवर बायको असेल, निदान भाऊ. पहिल्या नंबरवर होती फोन कंपनीची हेल्पलाइन. अ‍ॅपचे आणि बिलाचे आकडे का जुळत नाहीत हे विचारायला मी तिथे फोन करत होतो, आणि "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" याच्या मागे वाजणारं संगीत ऐकत होतो. तो नंबर फुकट असल्यामुळे साठ्यातून काही गेलं नव्हतं. पण फुकट नंबर अ‍ॅपला आपण सांगावे लागतात, तोपर्यंत ते इमानदारीने सगळं माझ्या नावावर लिहितं.

दुसऱ्या नंबरवर भाऊ. तिसऱ्या नंबरवर मावशी.

मावशीची पद्धत सर्वांना माहीत आहे. ती दोनदा रिंग देते आणि ठेवते; पुढचा कॉल आपण करायचा, आपल्या मिनिटांवर. लॉगमध्ये तिचे सगळे कॉल शून्य सेकंदांचे. आयुष्यभर तिने स्वतःचं मिनिट खर्चलेलं माझ्या पाहण्यात नाही. ही यादी मी तिला गमतीत सांगितली, आणि थोडा हेतूही होता, की तिने रिंगा कमी द्याव्यात.

"तिसरी?" मावशी म्हणाली. "तुला अंगाखांद्यावर खेळवलं ते तिसऱ्या नंबरसाठी?"

त्या दिवसापासून रिंगा बंद झाल्या आणि कॉल सुरू झाले. रोज संध्याकाळी, तिच्या बाजूने, तिच्या मिनिटांवर. भावाला तिने आठवड्याच्या आत मागे टाकलं. मग हेल्पलाइनची चौकशी केली.

"त्यांच्याशी एवढं काय बोलतोस तू?"

"बोलत नाही मावशी. ते होल्डवर ठेवतात. मी संगीत ऐकतो."

"संगीतच ऐकायचंय ना?" ती म्हणाली आणि घसा खाकरून गायला लागली. 50व्या सेकंदाला फोन थरथरला. कॉल इनकमिंग होता, मी अडवलं नाही.