पंखा हळू, बिल तेवढंच?

सोलापुरातल्या आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतंय: ‘पंखा एकवर ठेवा नाहीतर पाचवर, बिल तेवढंच.’ हे अर्धवट खरं आहे. जुन्या, डब्यासारख्या रेग्युलेटरला हात लावून बघा, कोमट लागतो. वाचली असं वाटणाऱ्या विजेचा बराच भाग तिथंच तापण्यात जातो. आताच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर मात्र वेग कमी केला की युनिट खरंच कमी पडतात.

हिशोब सोपा आहे. ७५ वॅटचा पंखा पूर्ण वेगात १६ तास फिरला की रोज १.२ युनिट, महिन्याला ३६. त्यात १०० युनिटांपुढं दरही चढतो. पण आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा पंखा कृपा करून कमी करू नका. रिकाम्या खोलीतला आधी बंद करा.