पस्तिशीची बाई आहे ती, शाळकरी पोर नाही!

काल रात्री 'समथिंग इन द रेन' संपवली आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय. १६ भाग, एकेक भाग तासाहून मोठा, आणि शेवटी हाती काय लागलं, तर नुसता संताप. मालिका टुकार असती तर दुसऱ्या भागातच बंद करून झोपले असते, एवढा त्रासच झाला नसता. पहिला अर्धा भाग इतका सुंदर आहे की माणूस जीव लावून बसतो, चीड त्याचीच येते. ज्यांनी ती बाई एवढ्या मायेने उभी केली, त्यांनीच पुढे तिचा कणा काढून घेतला.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. २०१८ ची कोरियन मालिका, जेटीबीसी वाहिनीवरची. यून जिन-आ पस्तिशीची, एका कॉफी कंपनीत नोकरीला, कंपनीच्या दुकानांवर देखरेख ठेवायचं तिचं काम. लग्न झालेलं नाही, आईवडिलांकडे राहते. वकील मित्राने तिला सोडलंय आणि सोडता सोडता अपमानही केलाय. अशात तिच्या जिवलग मैत्रिणीचा, क्योंग-सनचा, धाकटा भाऊ सो जून-ही अमेरिकेतून परत येतो. लहानपणापासून हिच्या घरात वावरलेला मुलगा. दोघं प्रेमात पडतात. सोन ये-जिन आणि जंग हे-इन यांनी काम असं केलंय की आपण शेजारच्या टेबलावर बसून बघतोय असं वाटावं.

एक प्रसंग तर मी मागे नेऊन पुन्हा पाहिला. चारचौघांत जेवायला बसलेत, गप्पा चालल्यात, आणि ती टेबलाखालून हळूच त्याचा हात धरते. वर चेहऱ्यावर काही नाही. त्याला बसल्या जागी घाम फुटायची वेळ येते. पुढाकार तिने घेतलाय, बाईने, वयाने मोठ्या बाईने, आणि कॅमेरा त्याबद्दल तिला जराही दोष देत नाही. किती बरं वाटलं मला ते बघून! आपल्या मालिकांमध्ये पस्तिशीच्या बाईला एक तर डबे भरायचे असतात, नाही तर कट रचायचे असतात. तिच्या मनात कुणाचा हात धरायचं येऊ शकतं, हे कुणाच्या गावीच नसतं.

ऑफिसचा भाग तर त्याहून जबरदस्त. जिन-आला ऑफिसात 'टँबुरीन' म्हणतात, कारण साहेबांच्या दारूपार्ट्यांनंतर कराओकेला गेल्यावर ही टँबुरीन वाजवत सगळ्यांना खूश ठेवते. साहेबांचा हात खांद्यावर आला, कमरेवर आला, तरी हसून घ्यायचं. बाकीच्या पोरीही तेच करतात. मग आयुष्यात असा एक माणूस येतो जो हिला जपतो, आणि हिच्या लक्षात येतं की आपण काय काय सहन करत होतो. ती पार्टीला जायचं नाकारते. पुढे तक्रारही करते. त्याच वर्षी जानेवारीत सो जी-ह्यन या सरकारी वकील बाईंनी याच जेटीबीसीच्या बातम्यांमध्ये बसून वरिष्ठाने केलेल्या छळाबद्दल उघड सांगितलं होतं आणि कोरियात 'मी टू' पेटलं होतं. दोन महिन्यांनी, मार्चअखेर, त्याच वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. तिथल्या बायकांनी ती पाहताना काय काय आठवलं असेल!

आणि मग आई येते.

जिन-आची आई अशी डोक्यात जाते की टीव्हीवर उशी फेकावीशी वाटते. जून-ही आणि क्योंग-सन ही दोघं भावंडं पोरकी. आई वारलेली, वडील दुसरं लग्न करून मोकळे झालेले. हिच्या घरात घरच्या लेकरांसारखी वाढली. पण त्या पोराचं आपल्या मुलीवर प्रेम आहे हे कळलं रे कळलं की ही बाई त्यांच्या घराण्यावर घसरते. आईबाप नसलेल्या घरात मुलगी कशी द्यायची? समाजात आपली काय पत राहील? आणि तो वकील, ज्याने हिच्या मुलीला फसवलं, तो मात्र हिला चांगल्या घरचा म्हणून हवाहवासा वाटत होता! कोरियात घरातल्या पुरुषाला कुटुंबप्रमुख धरून सगळ्यांची नोंद त्याच्या नावाखाली ठेवायची कायदेशीर पद्धत २००८ साली रद्द झाली. कायदा जाऊन १० वर्षं झाली तरी या आईच्या डोक्यातलं घराणं काही जात नाही. ते एक वेळ मी समजू शकते. अशा आया इथे गल्लोगल्ली आहेत. वडील समजूतदार आहेत, पण त्यांचं घरात कोण ऐकतंय!

मला समजत नाही ती जिन-आ. अगं, तू पस्तिशीची आहेस! स्वतः कमावतेस! ऑफिसात साहेबांच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत तुझ्यात आलीय, आणि घरी आल्यावर आईसमोर तोंडातून शब्द फुटत नाही? खोटं बोलते, लपूनछपून भेटते, जिवलग मैत्रिणीपासूनही लपवते. कधीतरी धीर करून बोलते आणि मला वाटतं, चला, सुटलो! पुढच्याच भागात पुन्हा मान खाली. कळस म्हणजे आईने ठरवलेल्या स्थळाला भेटायला जाते, जून-हीला न सांगता! त्याला ते कळतं तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही. तोपर्यंत हे प्रेम लोक तोडतायत असं वाटत होतं. तिथून पुढे ती स्वतःच तोडतेय असं दिसतं, आणि मला हेच सहन झालं नाही.

आईला दुखवायचं नसतं, हे मलाही कळतं. आपल्याकडे चाळिशीच्या बायकासुद्धा आईला न सांगता सिनेमाला जातात. तो दबाव दाखवा ना, जरूर दाखवा. पण मग त्या बाईला आतून कुठेतरी सरकू द्या. आठ भाग त्याच जागी, तोच रडवेला चेहरा, तेच खोटं, तीच माफी. आणि वर तीच दोन जुनी इंग्रजी गाणी! भेटले की गाणं, भांडले की गाणं, रस्त्याने चालले की गाणं. सुरुवातीला ती गाणी ऐकून अंगावर काटा यायचा. नंतर नंतर तर गिटार सुरू झाली की मी आवाज बंद करायचे. लेखिकेकडे सांगायला काही उरलं नसलं की गाणं लावायचं, हे आपल्या डेली सोपवाल्यांचं काम. यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

अपेक्षा नव्हती, कारण दिग्दर्शक आन पान-सोक. याच माणसाने २०१४ साली याच वाहिनीवर 'सीक्रेट लव्ह अफेअर' केली होती. तिथे बाई चाळिशीची, विवाहित, एका श्रीमंत घराण्याच्या कलासंस्थेत त्यांची काळी-पांढरी सगळी कामं निस्तरणारी, आणि मुलगा २० वर्षांचा गरीब पियानोवादक. अंतर इथल्या कितीतरी पट! दोघं एकाच पियानोवर शेजारी बसून शूबर्ट वाजवतात तो प्रसंग पाहा, त्यात सगळं येतं. किम ही-एने ती ओ हे-वॉन अशी उभी केलीय की तिचे निर्णय पटले नाहीत तरी ते तिचेच वाटतात. चुका तिच्या, लोभ तिचा, प्रेमही तिचं. शेवटी ती आपले गुन्हे स्वतः कबूल करते आणि तुरुंगात जाते. कुणाच्या दबावाखाली नाही, कुणी वाचवायलाही येत नाही. मोठी बाई म्हणजे काय, हे त्या माणसाला या मालिकेच्या चार वर्षं आधी बरोब्बर माहीत होतं. मग जिन-आच्या वाट्याला आल्यावर काय झालं? लेखिका वेगळी होती, मान्य. पण दिग्दर्शकाला सेटवर दिसत नव्हतं का, की आपली नायिका दर भागागणिक लहान होत चाललीय?

घरातली तऱ्हा आणखी वेगळी. मावशी राहायला आलीय, हॉलमध्ये टीव्ही एकच, त्यामुळे रात्रीची जेवणं झाली की तीही शेजारी. "शी, त्याच्याहून मोठी आहे ना गं ती?" एका भागात किमान तीनदा. "त्याला पुढे पोरंबाळं नकोत का?" "अजून पाच वर्षांनी बघ, तो हिच्याकडे बघणारसुद्धा नाही." मी शेवटी म्हटलं, मावशी, त्याच २०१८ साली झी मराठीवर 'तुला पाहते रे' सुरू झाली होती. सुबोध भावे चाळिशीचा उद्योगपती, ईशा विशीची. तब्बल २० वर्षांचं अंतर! तू रोज साडेआठला कुकर बंद करून ती बघायला बसायचीस. तेव्हा तुझ्या तोंडून कधी 'शी' आलं नाही. तेव्हा तुला विक्रांत सरंजामे किती रुबाबदार वाटायचा! यावर ती म्हणाली, "पुरुषाचं वेगळं असतं."

काय वेगळं असतं? मला कुणीतरी समजावून सांगा. सचिन तेंडुलकरची अंजली त्याच्याहून जवळपास सहा वर्षांनी मोठी आहे. १९९५ साली लग्न झालं. अख्ख्या महाराष्ट्राने त्या दोघांना डोक्यावर घेतलं, मावशीने तर कौतुकाने पेपरातली कात्रणं ठेवली होती. सोन ये-जिन आणि जंग हे-इन यांच्यातही सहाच वर्षांचं अंतर आहे. सचिनला चालतं आणि जून-हीला चालत नाही? पण बोलून उपयोग नाही, कारण हे मावशीचं एकटीचं नाही. कुठल्याही वधू-वर सूचक मंडळाचा अर्ज काढून बघा. मुलींच्या अर्जात अपेक्षा काय, तर मुलगा दोन-पाच वर्षांनी मोठा हवा. मुलांच्या अर्जात, मुलगी लहान हवी. कायद्यातही लग्नाचं किमान वय मुलीचं १८ आणि मुलाचं २१. तीन वर्षांचं ते अंतर आपण सरकारी शिक्का मारून घरात आणलंय, आणि मग एखादी बाई उलट्या बाजूने गेली की सगळ्यांना मळमळतं.

आणि हो, आपल्या टीव्हीला हे जमत नाही असंही नाही. २००२ साली झी टीव्हीवर 'अस्तित्व... एक प्रेम कहानी' होती. डॉक्टर सिमरन, स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि तिच्याहून १० वर्षांनी लहान अभिमन्यू. निकी अनेजा आणि वरुण बडोला. त्यात सिमरनचा दवाखाना होता, तिचं काम होतं, तिची मतं होती, आणि लग्नाचा निर्णय ती डॉक्टरीण बाई जशी घेईल तसा घेते. चार वर्षं चालली ती मालिका, लोकांनी बघितली. त्याला वीस वर्षं उलटून गेली. पुढे का नाही गेलो आपण? उलट मागेच आलो. मोठी बाई आणि लहान पुरुष म्हटलं की आता एक तर हशा, नाही तर घरफोडी.

'समथिंग इन द रेन'च्या शेवटाबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलणार. जून-ही म्हणतो, चल माझ्याबरोबर अमेरिकेला. ती नाही म्हणते. ठीक आहे, नको जाऊस, त्याच्या मागे कशाला फरफटत जायचं? पण मग इथे राहून काय करणार ते तरी ठरव! मालिका सरळ काही वर्षं पुढे उडी मारते. स्वतःच्या भावाच्या लग्नात ती दिसते, शेजारी कुणीतरी नवा मित्र, ज्याचं हिच्याकडे लक्षसुद्धा नाही. म्हणजे एवढ्या सगळ्यातून जाऊन ही बाई पुन्हा पहिल्या भागातल्या जागेवर! ऑफिसातल्या छळाविरुद्ध जी लढाई तिने अंगावर घेतली होती, बदली सोसली होती, तिचा शेवट मालिकेने असा उरकलाय की त्याची मला लाज वाटली. ज्या मुद्द्यावर त्या वेळी तिथल्या बायका रस्त्यावर उतरत होत्या, तो यांनी दोन प्रेमप्रसंगांमध्ये दाबून टाकला.

मग ती नोकरी सोडते, जेजू बेटावर जाते, दुसऱ्या एका मैत्रिणीच्या कॅफेत काम करते. जून-ही तिथे पोचतो. पाऊस. मिठी. संपलं. १६ तास मी ज्या एका क्षणाची वाट बघत होते, तो त्यांनी लिहिलाच नाही. ती आईच्या दारात त्याला घेऊन उभी राहिली का? आईने दार उघडलं का? क्योंग-सनची माफी कुणी मागितली का? त्या पोरक्या भावंडांचा जो अपमान झाला त्याचं काय? पाऊस पाडला की हे सगळं धुऊन निघतं असं लेखिकेला वाटत असेल तर वाटो, मला नाही वाटत.